प्लग माझ्या पर्समध्ये आहे

दादा,

शेडमध्ये बाबांचा बागेतला जुना ट्रॅक्टर, गवत कापायची तीन पाती, एक छोटा नांगर आणि दोन पट्टे आहेत. स्पार्क प्लग शोधू नकोस. तो काल संध्याकाळी मीच काढला; त्याच्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही.

ट्रॅक्टर विकत घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला आज परत पाठव. बाबा गेल्यापासून आई म्हणते, "पहाटे ते ट्रॅक्टर चालवतात," आणि तू म्हणतोस, "आई, तुझे कान वाजतात." तिला डॉक्टरकडे न्यायच्या आधी तपासावं म्हणून मी प्लग काढला, शेडला कुलूप लावलं आणि किल्ली उशाखाली घेऊन झोपले.

आज उठल्या उठल्या आई म्हणाली, "आज लवकर बंद केला गं त्यांनी." मी शेड उघडली. काम संपलं की बाबा धुराड्यावर डबा पालथा घालायचे, "त्याच्या नाकात पाणी जाईल" म्हणायचे, आठवतं? तो डबा काल मी फळीवर ठेवला होता. आज तो धुराड्यावर होता.

आईला घेऊन मावशीकडे जातेय. पोळ्या डब्यात आहेत.

निघण्याआधी थर्मामीटर लावून पाहिला. शेडमधली हवा एकोणीस अंश, इंजिन चौपन्न.