दुखू द्यायचं

१४ डिसेंबर, रविवार

विहारातला ध्यानाचा वर्ग संपल्यावर अल्लीपूरची सुषमा आज मागे थांबली. माझ्यासाठी तुरीच्या शेंगांची पिशवी आणली होती. नवरा जवळ आला की फार दुखतं, हे तिने दिवाळीआधी सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, श्वासाकडे पाहा, वेदना येते आणि जाते.

आज हसत म्हणाली, "ताई, गुण आला. आता मी त्यायले ढकलत नाई. डोये मिटून श्वास पाहत राह्यते, तोवर त्यायचं होऊन जाते."

"आणि दुखणं?"

"दुखतेच ना. पण दुखू द्यायचं, तुम्हीच तं सांगतलं. हे म्हणतात, आता सुधरली."

मी शेंगा घेतल्या आणि बरं म्हटलं. बरं का म्हटलं? डॉक्टरकडे जा, हेही कधी सुचलं नाही मला. सहन करायला मीच शिकवलं, तेही बुद्धाच्या नावाने.

शेंगा ओट्यावर तशाच आहेत. सोलवत नाहीत.

उद्या पहिल्या बसने अल्लीपूर. दुखलं की ढकल, हे आधी सांगायचं. दवाखान्यात मी सोबत येते म्हणायचं. ती म्हणेल, ताई, आता तं कुठं घर शांत झालं.