शाळा मीच ठरवणार

सोमवार, ४ ऑगस्ट
परदेशात येऊन आठवडा झाला. आज कामांची वाटणी केली. घर बायकोकडे, मुलांची शाळा माझ्याकडे. ती म्हणाली, कोपऱ्यावर एक शाळा दिसतेय. मी म्हणालो, जवळ पडतं म्हणून घ्यायला शाळा म्हणजे काय किराणा आहे? थोरली दहाची, धाकटा सहाचा. आयुष्याचा प्रश्न आहे. संकल्प: सगळ्या शाळा जातीने पाहणार.

गुरुवार, ७ ऑगस्ट
नदीपलीकडची शाळा पाहिली. पोहायचा तलाव, काचेचं वाचनालय. हीच! काउंटरवरच्या बाईंनी पत्ता विचारला. सांगितला. बाई हसल्या. पत्ता चांगला असावा.

मंगळवार, १२ ऑगस्ट
ऑफिसात कॉफी मशीनपाशी शेजारच्या टेबलवाल्याने खुलासा केला. नदीपलीकडची शाळा हवी तर नदीपलीकडे राहावं लागतं. एवढंच ना! घरी येऊन म्हटलं, घर बदलू. बायको नव्या कपाटाचे स्क्रू पिळत होती. तिने स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला, म्हणाली, मग आधी हे खोल.
विषय पुढे ढकलला. स्वखुशीने.

सोमवार, १८ ऑगस्ट
खाजगी शाळेत मुलाखत. इथली भाषा मोबाइलवर शिकतोय, त्यामुळे धास्ती नव्हती. मुख्याध्यापिका भरभर बोलत होत्या. मी दर वाक्याला 'नक्कीच, नक्कीच' म्हणत गेलो. आत्मविश्वास दिसला पाहिजे. थोरली सारखी माझी बाही ओढत होती. (दिवसभर शेजारच्या मुलीबरोबर हुंदडते, तेवढ्यावर तिला वाटतं भाषा आली.) डोळे वटारून गप्प केलं.
जिन्यात म्हणाली, बाबा, त्या विचारत होत्या, मुलांना दुसरी एखादी शाळा जास्त मानवेल का?

सोमवार, १ सप्टेंबर
शाळा सुरू झाल्या. सगळ्यांच्या. दप्तरं पाठीला लावून पोरं खालून जात होती, आमची दोघं खिडकीत. धाकट्याने विचारलं, बाबा, आम्ही काय केलं?
तिथल्या तिथे जाहीर केलं की घरीच शिकवणार. रजा टाकली. पहिला तास अपूर्णांकांचा. माझा आवाज चढला, धाकटा रडला, थोरलीने खोलीचं दार लावून घेतलं. हळूहळू शिस्त बसेल.

बुधवार, ३ सप्टेंबर
मी अंघोळीला गेलो तेवढ्यात बायको दोघांना घेऊन कोपऱ्यावरच्या शाळेत गेली. परत आली ती एकटीच. मी म्हणालो, मला विचारायचंस तरी! ती म्हणाली, विचारत बसले असते तर थोरलीचं लग्न निघालं असतं.
तात्पुरती सोय म्हणून मंजुरी दिली.

शुक्रवार, २६ सप्टेंबर
पालकसभा. शाळेत काय काय सुधारावं याच्या चार सूचना तयार करून गेलो होतो. थोरलीने त्या धाकट्याच्या बाईंना समजावून सांगितल्या. फारच थोडक्यात सांगितल्या असं वाटलं. बाई म्हणाल्या, दोन्ही मुलं छान रमलीत. मग माझ्याकडे बघून सावकाश, एकेक शब्द सुटा करून काहीतरी म्हणाल्या. थोरलीने खाली बघत सांगितलं: भाषा न येणाऱ्या पालकांसाठी संध्याकाळचा वर्ग असतो, तुमचं नाव घातलंय. सोमवारपासून, धाकट्याच्याच वर्गात, त्याच बुटक्या बाकांवर.
घरी आल्यावर धाकट्याने मला समोर बसवलं. 'शूला जाऊ का' हे इथल्या भाषेत कसं विचारायचं ते घोकून घेतलं. म्हणाला, हे आधी आलं पाहिजे, नाहीतर पंचाईत होते. त्याची झाली होती, पहिल्याच दिवशी. मला कुणी सांगितलं नव्हतं.
पुन्हापुन्हा म्हणून पाहिलं. जमत नाही.