दोन टिंबं

४ मार्च, सोमवार

जेवायच्या टेबलावर पुन्हा दोन लॅपटॉप. मुलगा आणि सून एकाच कंपनीत, त्यामुळे घरात ताट ठेवायला जागा नाही! कंपनीचं सॉफ्टवेअर जुन्या सिस्टीममधून गिट नावाच्या नव्या सिस्टीममध्ये हलवायचं चाललंय. कुणी, कधी, काय बदललं त्याच्या सगळ्या नोंदीसुद्धा न्यायच्या. कंपनीने सुनेला वेगळं खातं कधी काढून दिलंच नाही, म्हणून तिचं सगळं काम नवऱ्याच्या नावावर पडलंय. पण ती पक्की — आपल्या प्रत्येक नोंदीच्या शेवटी दोन टिंबं देऊन ठेवते. आता हलवताना नावं सुधारता येतील म्हणाली. मुलगा पाणी प्यायला उठला.

५ मार्च

मुलगा स्वयंपाकघरात येऊन घुटमळला. नव्या नोंदी बघून कंपनीचा मालक टीमचा मुख्य नेमणार आहे म्हणे. "आई, तूच सांग तिला. तुझं ऐकते ती."

सांगितलं. नावं राहू देत आहेत तशीच, नवराबायकोत कसलं आलंय तुझं-माझं, त्याचं नाव झालं म्हणजे तुझंच झालं. ती "बरं" म्हणाली आणि भांडी पुसत राहिली. जीभ माझीच, पण भाड्याने दिल्यासारखी वाटली.

६ मार्च

सून नेहमीसारखीच बोलते. भांडली असती तर बरं झालं असतं.

७ मार्च

मालकाचा फोन. बिलाची बेरीज चुकतेय, का ते सांग. मुलाने फोनवर हात धरून बायकोकडे बघितलं. ती हळूच सांगतेय, हा मोठ्याने म्हणतोय. पोपट निदान शिकवणाऱ्याकडे मान तरी वळवतो! ह्याने फोन ठेवला आणि मला म्हणतो, बघितलंस, माझ्यावाचून अडतं त्यांचं.

आयत्या बिळावर नागोबा. आणि बिळाची वाट दाखवणारी मी. जेवताना मान वर करवेना.

८ मार्च

संध्याकाळी जुनी सिस्टीम कायमची बंद होणार होती. दोघं टेबलाशी बसलेले. समोरची खुर्ची ओढून बसले आणि बोलले. "त्या दिवशी बोलले ते चुकलं माझं. जिचं काम, तिचं नाव घाल."

मुलगा म्हणाला, तुला ह्यातलं काय कळतं?

म्हटलं, टिंब कळतं.

सुनेने लॅपटॉप मिटला आणि ताटं मांडायला घेतली.

९ मार्च

आज भांडी पुसताना बोलली. "आई, नावं मी सोमवारीच घातली होती. घरातलं कुणी 'तिचं नाव घाल' म्हणतं का, तेवढंच बघत होते."

आणि मी निघाले होते तिला संसार शिकवायला.