हव्वेचा कोट

३ नोव्हेंबर, सोमवार
पोरीला घराबाहेर काढून आज चार महिने झाले. नको म्हटलेल्या माणसाशी परस्पर लग्न लावून आली. एकच गोष्ट करू नको म्हटलं होतं — नेमकी तीच! नेसत्या कपड्यांनिशी काढली.

काल उपासनेत पाळकांनी आदाम-हव्वेचा धडा घेतला. आज्ञा मोडली की बाग सुटते. मी मान डोलावत ऐकलं. देवानेसुद्धा हेच केलं ना!

४ नोव्हेंबर
हिला तसं बोलून दाखवलं. इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "देवाने घालवलं खरं, पण आधी दोघांना कपडे शिवून दिले. तुम्ही तर शिंपी."

दिवसभर एक काज धड जमलं नाही.

६ नोव्हेंबर
पवित्र शास्त्र काढून स्वतः वाचलं. खरंच आहे — आधी कपडे, मग दार. आणि त्याआधी देव हाक मारून विचारतो, कुठे आहेस? त्याला काय दिसत नव्हतं? तरी विचारतो. मी पोरीला एका शब्दाने काही विचारलं नाही. उलट हिच्यावरच ओरडलो, तुझ्या लाडाने बिघडली. आदामही तेच म्हणतो — तू दिलेल्या बाईने केलं! म्हणजे त्या गोष्टीत मी देव नव्हेच. झाडाआड लपलेला तो दुसरा. लाज वाटते.

९ नोव्हेंबर, रविवार
विसाव्याचा दिवस, तरी मशीनवर बसलो. जाड लोकरी कापडाचा कोट बेतला. तिचं माप वहीत बघावं लागलं नाही. शिवणीत सवयीने दोन-दोन बोटं जादा कापड दाबलं. लहानपणी तिच्या प्रत्येक झग्यात दाबायचो, भराभर वाढायची. आता कशाला? पण हात ऐकतो थोडाच.

१५ नोव्हेंबर
मेव्हण्याच्या हाती कोट पाठवला. म्हणाला, दाराच्या फटीतून हात आला, पुडकं आत गेलं, दार लागलं.

२२ नोव्हेंबर
काही नाही.

४ डिसेंबर
कडाक्याची थंडी. रोज संध्याकाळी देव आपलं काम बघायचा आणि त्याला ते चांगलं दिसायचं, असं पहिल्याच पानावर आहे. मी बघतो तर एक गोष्ट चांगली दिसत नाही. मातीचं माणूस मातीतच जायचं. मध्ये नुसता घाम.

११ डिसेंबर
पुडकं परत आलं! माझीच सुतळी, माझाच कागद. कपाटावर टाकलं. हिला बजावलं, उघडू नकोस. मुलगी गेली ती गेलीच.

१२ डिसेंबर
हिने उघडलंच. कोट वापरलेला आहे, कोपरं घासलीत. खांदे, बाह्या जशाच्या तशा. फक्त पोटाशी शिवण उसवून मी दाबलेलं सगळं कापड बाहेर काढलंय. तरी पुढे खडूची खूण, तिच्याच हातची — अजून चार बोटं.

ही बोटांवर महिने मोजत बसली आहे.

असं माप अंदाजाने नाही घेता येत. टेप खिशात टाकली. निघतो.