दाखवायची जागा

१२ जुलै, आष्टी
तिसऱ्यांदा न्यूमोनिया! माझा माऊली, आठ महिन्यांचं पोर ते. सासूबाई — म्हणजे माझी मामीच — म्हणाल्या, "नजर लागली लेकराला. दृष्ट काढ जल्दी." काढली. मिरच्या जाळल्या, ठसका मलाच लागला. माऊलीचा ताप तसाच.

१९ जुलै
रक्ताचा रिपोर्ट आला. टी-पेशी भरपूर! त्याच तर विषाणूंशी लढतात म्हणे. पेढे वाटायचेच बाकी होते. डॉ. अलमास मात्र हसल्या नाहीत. आणखी एक तपासणी लिहून दिली.

२ ऑगस्ट
डॉक्टर म्हणाल्या, "व्हायरस शिरला की काही पेशी त्याला धरतात, तुकडे करतात, अन् एक तुकडा अंगावर मांडून टी-पेशीला दाखवतात. तो बघून टी-पेशी पेटून उठते. माऊलीच्या पेशी धरतात बराबर. पण दाखवायची जागाच न्हाई त्यांच्याकडं."
म्हणजे शिपाई हजर, चोर घरात, आणि 'हा बघा चोर' म्हणणारं कुणी नाही! आठ महिने लेकरू असं उघडं पडलं होतं आणि मी मिरच्या जाळत बसले.
मग विचारलं, "लग्न नात्यातलं का?" मी हसतच सांगितलं, मामाच्याच घरात दिलंय. त्यांनी पेन खाली ठेवलं. पेशींचा हा दोष जन्मतःच आई-बाप दोघांकडून यावा लागतो. एक माझ्याकडून, एक आदिनाथकडून. आम्हा नवरा-बायकोला तो आला एकाच आजोबांकडून, मामांच्या वडिलांकडून.
हसले होते मी!

३ ऑगस्ट
मामांना जेवायला वाढलं नाही. मी बारावीला होते तेव्हा हेच ओट्यावर बसून म्हणाले होते, "पोरगी माझ्याच घरात येईल. भायेर कशाला?" मला कुणी विचारलं? नुसता संताप होतोय.

९ ऑगस्ट
इलाज एकच — जुळणाऱ्या माणसाचा बोनमॅरो. तोही लवकर. पुढचा न्यूमोनिया झेपेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. सगळी आशा अर्पितावर, सख्खी बहीण म्हणून. पाच वर्षांची पोर, सुई टोचली तरी हूं का चूं नाही. "सगळं माझंच द्या त्याला," म्हणाली. बाहेर येऊन रडले. आमचंही रक्त घेतलं, रीत म्हणून.

२३ ऑगस्ट
अर्पिता जुळली नाही.

२४ ऑगस्ट
डॉक्टरांचा फोन. "आकांक्षाताई, खाली बसा आधी. तुमचं जुळलं. पूर्ण!"
मी म्हटलं, आईचं तर अर्धंच जुळतं ना?
"बिलकुल. पण माऊलीला बापाकडून जुळणीचा जो अर्धा हिस्सा आला, तोच तुमच्यातबी हाय. त्याच आजोबांचा. दोष तुमच्यात एकेरी हाय, त्यानं काही बिघडत न्हाई."
तेच आजोबा! फोन ठेवला तरी उभीच होते.
राग गेलेला नाही. तरी मामांना ताट वाढलं.