पाणी पिऊन गेलेला माणूस

६ एप्रिल २०२४, भद्रावती
आजपासून नवं बिऱ्हाड. चामोर्शी सोडताना डोळे भरून आले, पण इथं पोचल्यावर जीव खुश झाला. यांना खाणीत डंपरवर काम लागलं आहे. एका लाईनीत चार खोल्या, त्यातली तिसरी आमची. मोरी घरातच, नळ दारासमोर, विहार दोन गल्ल्या सोडून. आधी कोनाडा धुऊन तथागतांची मूर्ती ठेवली, बाबासाहेबांचा फोटो लावला, पंचशील घेतलं, मगच सामान सोडलं. शेजारच्या खोलीत अंजनाबाई राहतात, साठीच्या, एकट्या. वरण-भाताचं पातेलं घेऊनच आत आल्या. म्हणाल्या, "तुयं वरन उद्या पाहीन, आज मायं खाय." परक्या गावी पहिल्याच दिवशी आईच्या हातचं मिळावं तसं वाटलं.

२१ एप्रिल
ऊन असं की दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. बाहेर पडणारा प्रत्येक जण डोकं-तोंड दुपट्ट्यात बांधून, नुसते डोळे उघडे. परवा हे दारात उभे होते तर मीच ओळखलं नाही, कोण पाहिजे म्हणून विचारलं. दिवसभर हसून राह्यले.
जुना कूलर घेतला. नवा परवडण्यासारखा नाही. त्याच्या बाजूच्या ताट्यांतलं गवत बदलायला एक माणूस आला होता. दुपट्टा सोडून खांद्यावर टाकला आणि कामाला लागला. म्हणाला, "कूलर बुढा आहे बाई, पण ऊन याच्यापेक्षा बुढं आहे, घाबरू नका." जाताना पाणी मागितलं. मी गिलास दिला. त्यानं मान मागे टाकून वरून पाणी घेतलं, गिलासाला ओठ लावला नाही. रात्री ओल्या गवताचा वास घेत झोपलो.

१४ मे
अंजनाबाई गेल्या.
दुपारी पापड उचलायला दार उघडलं. त्यांच्या खोलीतून एक माणूस बाहेर पडला. दुपट्टा बांधलेला, जसे सगळेच असतात. जाताना थांबून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं पुतण्या असेल. मी पापड गोळा केले आणि आत आले. संध्याकाळी चहाला हाक मारली तर आवाज नाही. डोक्यावर मार होता, गळ्यातली पोत नव्हती.
मी पापड गोळा करत होते.

१६ मे
पोलिसांनी जबाब घेतला. पाहणारी मी एकटीच. पुन्हा पाहिला तर ओळखाल का, असं विचारलं. अंजनाबाईंचा पुतण्या समोर रडत होता. मी हो म्हटलं.

२ जून
चंद्रपूरच्या तुरुंगात ओळखपरेड झाली. सारख्या अंगलटीची माणसं ओळीत उभी होती, तोंडं उघडी. मनातल्या मनात त्रिशरण म्हणत गेले. चौथ्यापाशी पाय आपोआप थांबले. हा ओळखीचा. हनुवटीखाली तो आडवा व्रण. याला मी पाहिलं आहे, यात शंकाच नव्हती. बोट दाखवलं. तो म्हणाला, "बाई?" एवढंच. जणू मीच ओळखीची.
बाहेर आल्यावर सोबतची शिपाई बाई म्हणाली, बरोबर ओळखलं ताई. नाव कय्यूम. तुमच्याच लाईनीत कामाला येऊन गेलेला, म्हणून संशयावर धरला होता. अंजनाबाईंचं ऋण थोडं फिटलं.

२१ जुलै
आजपासून वर्षावास. ग्रंथवाचनानंतर विहारात बायांनी मला पुन्हा सगळं सांगायला लावलं. आता सांगताना अडखळत नाही. तो वळला, हनुवटी अशी वर केली, व्रण दिसला. शेवटच्या खोलीतली रीता म्हणाली, "हिच्या दारावरून आता चोरबी तोंड लपवूनच जाईन." सगळ्या हसल्या. मीही हसले.

११ जानेवारी २०२५
नागपूरच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या खुशबू मॅडम आल्या होत्या. गुन्हा पाहणाऱ्या माणसांच्या आठवणीवर त्यांचा अभ्यास आहे. कोणत्याच वकिलाकडून आले नाही, म्हणाल्या. चेहऱ्याचं काही विचारलंच नाही. डोळे मिटा, पायाखाली काय लागतं ते सांगा. तापलेली फरशी. हातात काय? पापड. समोर काय? मी म्हणाले, पांढरा दुपट्टा, नाकापर्यंत.
त्यांनी हळूच विचारलं, "मग ताई, हनुवटी कधी पाहिली?"
मी डोळे उघडले.
जाताना त्यांनी समजावलं. चेहरा मनात राहून जातो, पण कुठं पाहिला ते निघून जातं. मग मन तो चेहरा दुसऱ्याच जागी नेऊन बसवतं. त्यांनी माणसांना खोटा गुन्हा दाखवून हे तपासलं आहे. कितीतरी जणांनी दुसरीकडे पाहिलेल्या निरपराध माणसाकडे बोट दाखवलं, तेही छातीठोकपणे. हे खोटं बोलणं नव्हे, म्हणाल्या.

१२ जानेवारी
कूलर झाकून ठेवला आहे. त्याच्याकडे नजर गेली आणि आठवलं. मागे टाकलेली मान. वरून पडणारं पाणी. हनुवटीखालचा व्रण.
रोज सकाळी म्हणते, मुसावादा वेरमणी. खोटं बोलण्यापासून दूर राहीन.

१३ जानेवारी
यांना सांगितलं. हे चिडले नाहीत, घाबरले. म्हणाले, "आता काऊन उकरून राह्यली? जबाब फिरवला तर तुलेच आत घालतीन." जेवले नाहीत.

९ मार्च
नूरी आली होती, कय्यूमची बायको. पोरगी कडेवर. मी बसायला पाट दिला, ती उभीच राहिली. वाटलं शिव्या देईल. ती कूलरकडे पाहत म्हणाली, "बाई, माया माणूस तुमच्या घरचं पानी पेला. त्याचीच सजा होऊन राह्यली का त्याले?"
मी तिला चहासुद्धा विचारला नाही. साक्ष सहा मेला आहे. मी खरं सांगेन, एवढं तिला म्हणायचं होतं. ती गेल्यावर म्हणाले, भिंतीला.

४ एप्रिल
ऊन आलं. दुपट्टे आले.
अंजनाबाईंच्या खोलीला कुलूप आहे. दुपारी तिथं एक माणूस उभा होता. तोंड बांधलेलं. डोळ्यांच्या जागी फट होती. फटीत डोळे नव्हते. रीता त्याच्या शेजारून पाणी भरून गेली, पाहिलं नाही.

१७ एप्रिल
आता नळापाशी उभा असतो. भरदुपारी.
मला समजलं तो काय मागतो ते. इतके महिने त्याच्याकडे कय्यूमचा चेहरा होता, मीच दिलेला. मनातून तो काढून घेतला तेव्हापासून तो मोकळा आहे. त्याला दुसरा पाहिजे.

२३ एप्रिल
आज दुपट्टा थोडा खाली केला. आत रीताचा नवरा होता. सकाळी मी त्यालाच दूधवाल्याशी बोलताना पाहिलं होतं. आणि माझं मन म्हणालं — हाच. अगदी तसंच म्हणालं, परेडीत म्हणालं होतं तसं. तेवढ्याच खात्रीनं.
कोणाकडे पाहायचं नाही.

२९ एप्रिल
मान खाली घालून राहते. वंदनाही डोळे मिटून. मूर्तीकडे पाहण्याची छाती होत नाही. पाहिलं आणि दुपारी त्यानं —
नको.

२ मे
हे विचारतात, माझ्याकडे का पाहत नाहीस. काय सांगू. कय्यूमचाच ठेव म्हटलं तर सगळं थांबेल. तो नळापाशी उभा राहून मान मागे टाकतो, पाणी पितो, दाखवतो — हाच ना? हाच ना?
हो म्हटलं की सुटले. नूरीची पोरगी —

५ मे
तो उंबऱ्यात आहे.
तरी सांगणार. चेहरा दिसला नव्हता. एवढंच सांगायचं, तीन शब्द. पाठ करते आहे.

६ मे, सकाळी
साडी नेसून तयार. हे ऑटो आणायला गेले. यायच्या आत लिहून ठेवते — कय्यूम माझ्या घरी पाणी प्याला, दुसरं त्यानं काही केलं नाही. मी चेहरा पाहिला नव्हता.
दार वाजलं. ऑटो आली म्हणतात. आवाज यांचाच. शर्ट यांचा. तोंड बांधलेलं — ऊन आहे, बांधणारच —
आत आले. बोलत नाहीत. समोर उभे. गाठ सोडतात —
मी वहीतच पाहते. वर पाहणार नाही. पाहिलं तर ओळखीन, आणि मी ओळखलं की यांचा चेहरा त्याचाच —
दुपट्टा वहीवर पडला. हनुवटीला हात लावून माझं तोंड वर —