मावसबहिणीचा आठवा हिस्सा

१० नोव्हेंबर
पोचले एकदाची! पुण्याहून निघताना वाटलं होतं, दारातच उलटतपासणी होईल. पण कमळामावशीने मला बघितलं मात्र, कोळंबीची पाटी खाली ठेवली, ‘आलीस गो बाय’ म्हणाली आणि रडायलाच लागली. मग मीही रडले. वयाच्या एकतिसाव्या वर्षी मला रक्ताचं माणूस मिळालं, तेही थुंकीच्या डीएनए चाचणीतून! मावशीचा केतन दुबईला असतो. त्याने गंमत म्हणून चाचणी केली, मीही केली होती, आणि आम्ही मावसभावंडं निघालो. मला जन्मतः अनाथाश्रमात ठेवणारी बाई मावशीची धाकटी बहीण. ती आता नाही. मला वाढवणारे आईबाबाही गेले. महिनाभराची बिनपगारी रजा टाकलीय. पावस गावाच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी घर आहे. सगळीकडे मासळीचा वास, आणि मला तो चक्क आवडतोय.

१४ नोव्हेंबर
केतनची बहीण भाविका दोन वर्षांपूर्वी होडी उलटून गेली. तिचा फोटो बघून हादरलेच. तीच हनुवटी, तोच किंचित पुढे आलेला दात. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मावसबहिणींत जनुकांचा आठवा हिस्सा सारखा, हे फळ्यावर शंभर वेळा लिहिलंय. आठव्या हिश्शात एवढं बसतं? शेजारच्या गंगुबाई म्हणाल्या की मी चालतेही तिच्यासारखी. फार बरं वाटलं. आजवर मी कुणासारखीच नव्हते.

२१ नोव्हेंबर
आज मावशीसोबत कोळंबी सोलायला बसले. हात असे झरझर चालले की तिच्याआधी माझा वाटा संपला. मी शाकाहारी घरात वाढले, कोळंबी कधी हातात धरली नव्हती. स्वभाव जनुकांतून येत असेल, निदान अर्धामुर्धा. हाताची सफाई येत नाही, ती शिकावी लागते. मावशीला जराही नवल वाटलं नाही. मला त्याचीच धास्ती वाटली.

२६ नोव्हेंबर
डाव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग. भाविकाला लहानपणी तेल उडालं होतं, गंगुबाई सांगतात. पण हे मनगट माझं आहे. इथे आले तेव्हा डाग नव्हता — नव्हताच. डाग वारशात मिळत नाहीत, हे अकरावीच्या पोरांनाही कळतं.
केतनला फोन केला. त्याने भाविका म्हणून हाक मारली. मी सानिका, म्हटलं. कोण सानिका, असं त्याने विचारलं.

२९ नोव्हेंबर
गंगुबाईंनी सांगितलं. भाविका सापडलीच नाही, म्हणून दर्भाची बाहुली करून तिला अग्नी दिला होता. अग्नी दिलेलं माणूस परतलं तर तसंच घरात घेत नाहीत. त्याला पुन्हा जन्माला घालतात — न्हाऊ घालायचं, पाळणा म्हणायचा, कानात नाव सांगायचं. रविवारी माझं बारसं.
मी भाविका नाही, म्हटलं मावशीला. तिने भात कालवून मला घास भरवला. आई गेल्यापासून कुणी असं —
मी घास खाल्ला. पुण्यात फोन करावा असं एकही माणूस नाही.

१ डिसेंबर, सकाळ
अंगणात बायका जमल्यात, मी माडीच्या खिडकीतून बघतेय. मला माझं नाव हवंय. पण सानिका म्हणून परत गेले तर दार कोण उघडणार? ठरलं. होऊ दे भाविका. मावशी तरी राहील.
मावशीने हाक मारली — भाविका गो.
मी उठायच्या आतच कुणीतरी ओ दिली. समुद्राच्या बाजूने. आवाज माझा. अंगणात एक ओलीचिंब बाई आलीय, चेहराही माझाच.
बायका हसतायत. मावशी रडतेय, किती भिजलीस म्हणतेय — आत ये म्हणतेय —
मग मी
खिडकीतून ओरडायला गेले. मावशी, मी इथे आहे. तोंड उघडतंय, आवाज फुटत नाही. कुणी वर बघत नाही.
पाळणा म्हणायला लागल्या —
कुणीतरी एकदा हाक मारा मला, कुठल्याही नावा